काकूंचं केसवर्क

परभणी जिल्ह्यातल्या माणसांचे दोनच प्रकार आहेत. एक, ज्यांना आमच्या वर्गातल्या काकूंनी सल्ला दिलेला आहे, आणि दुसरा, ज्यांची त्या दिवशीची एसटी चुकली म्हणून जे वाचले. काकू पाथरीजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवायच्या. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी सरांच्या आधी येऊन कोणत्या बटणाने कोणता पंखा लागतो याचा छडा लावला. आम्ही सगळे बाविशी-तेविशीतले. सरही त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, त्यामुळे तेसुद्धा काकूच म्हणायचे. हजेरीला 'काकू' असा पुकारा झाला की 'बसलेय की हितंच' असं उत्तर यायचं.

पदवी कशाला हवी ते त्यांनी मला पहिल्या आठवड्यात डबा खाताना सांगितलं. दरवर्षी कॉलेजची मुलं त्यांच्या अंगणवाडीत यायची, सगळी माहिती काकूंकडून लिहून घ्यायची, चहा पिऊन जायची, आणि त्यातलंच एखादं चार वर्षांनी साहेब होऊन काकूंचं रजिस्टर तपासायला यायचं. "माझ्याच माहितीवर पास झालेलं लेकरू मलाच इचारतं, वजनकाटा कुठंय म्हणून," त्या म्हणाल्या. पदवी मिळाली की त्यांना वरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता, आणि तोही वय निघून जायच्या आत. त्यासाठी रोज पहाटे स्वयंपाक उरकून त्या एसटीने परभणी गाठायच्या.

कार्यकर्त्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं, समोरच्याचा निर्णय समोरच्याने घ्यायचा, हे आमच्या विषयाचं मुख्य तत्त्व. काकूंनी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि मधल्या सुट्टीत सरांना त्यांच्या बायकोच्या बाळंतपणाबद्दल पाऊण तास सल्ला दिला. एकदा वर्गात सराव होता. मी दारुड्या नवऱ्याला कंटाळलेली बाई आणि काकू कार्यकर्त्या. सरांनी बजावलं होतं की बाईला मोकळेपणी बोलू द्या. काकूंनी विचारलं, माहेरी भाऊ किती हायत? मी घाबरून तीन म्हणाले. "मग रडायलीस कशाला?" असं म्हणून काकू जागेवर जाऊन बसल्या. त्यांच्या दृष्टीने केस सुटली होती.

फील्डवर्कला आम्हा दोघींना पेडगाव मिळालं. प्रत्येकीने एक केस घ्यायची आणि दर भेटीचा अहवाल चार रकान्यांत लिहायचा: समोरची व्यक्ती काय म्हणाली, आपण काय म्हणालो, आपल्या भावना काय होत्या आणि शेवटी सरांचा शेरा. भावनांच्या रकान्यात आम्ही बाकीचे डोळे झाकून 'सहानुभूती वाटली' असं टाकायचो. काकूंनी पहिल्या भेटीत लिहिलं, 'पाय दुखले.' दुसऱ्या भेटीत, 'भेंडी लय छान झाली होती.' सरांनी शेरा मारला, 'कृपया खऱ्या भावना नोंदवा.' पुढच्या आठवड्यात काकूंनी लिहिलं, 'शेरा वाचून राग आला.'

माझी केस म्हणजे एकटी राहणारी एक बाई, आणि त्यांची केस म्हणजे बारावीला इंग्रजीत नापास होऊन दोन वर्षं घराबाहेर न पडलेली एक मुलगी. काकूंनी तिला सल्ले दिले, तिच्या आईला दिले, शेजारच्यांना दिले, आणि नियम मोडून स्वतःचा फोन नंबरही दिला. कशाचाच उपयोग झाला नाही. मग एक दिवस त्या आमचं केसवर्कचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन तिच्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या की मला यातलं अक्षर कळंना झालंय, तू वाचून सांग. हे अगदी खरं होतं. मुलगी अडखळत वाचायची, शब्दकोशात शोधून अर्थ सांगायची, आणि काकू 'असं हाय होय' करत ऐकायच्या. चार महिन्यांत काकूंना निम्मं पुस्तक कळलं आणि मुलीने परीक्षेचा फॉर्म भरला.

पुस्तकातलं शेवटचं प्रकरण टर्मिनेशनचं होतं. सत्र संपताना केस रीतसर बंद करायची, यापुढे येणं नाही, फोन नाही असं सांगून निरोप घ्यायचा आणि तसं अहवालात लिहायचं. नाहीतर फील्डवर्कमध्ये नापास. काकूंचं ते पान कोरंच होतं. मी त्यांना म्हटलं, काकू, लिहून टाका, कोण बघायला जातंय.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडून विचारलं, केस बंद केली का? शेजारी बसलेले आमचे सर, केली म्हणा, केली म्हणा अशा खुणा करत होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"तो धडा तिनंच मला वाचून दाखवला, साहेब," त्या म्हणाल्या. "वाचून झाल्यावर इचारलं, काकू, तुमी बी असंच करणार का? मी न्हाई म्हणून बसले. आता कागदावर केली कसं लिहू?"

परीक्षक सज्जन होते. अशाने मुलगी परावलंबी होते, हे त्यांनी पाच मिनिटं समजावलं आणि नापास केलं. पुढच्या वर्षी नवी केस घेऊन फील्डवर्क पुन्हा करायची सोय होती. काकू म्हणाल्या, पहिलीच अजून चालू हाय, नवी कुठून घेऊ. अशात वरच्या जागेच्या अर्जाचं वयही निघून गेलं. मला त्यांचा राग आला होता, आणि अजूनही येतो.

मी पहिल्या वर्गात पास झाले. माझं टर्मिनेशन इतकं नेटकं उतरलं होतं की सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. आज एका संस्थेत नोकरी करते, लोकांच्या केसेस वेळेवर बंद करते. रविवारी काकूंचा फोन येतो. ती मुलगी आता परभणीला बी.ए. करतेय, तिच्या तक्रारी सांगतात, मला दोन सल्ले देतात. आणि ठेवता ठेवता, अगदी सहज, विचारतात, "अगं, तुझी ती पेडगावची बाई कशी हाय?"

बरी आहे, म्हणते मी. तिचं नावसुद्धा मला आता आठवत नाही.