प्रज्ञाच्या नावापुढची डिग्री

प्रज्ञाला एमबीए करायचं नव्हतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळे लिहितायत, किती अभ्यासू होती, किती कोर्स केले होते. खरंच केले होते. पण का केले, ते मला माहीत आहे. धुळ्यात देवपूरला आम्ही एका खोलीत राहायचो.

मी दीपनगरची. ती रावेरजवळच्या खेड्यातली. तिचे वडील, आबा, केळीच्या पॅकिंग हाऊसवर मुकादम.

धुळ्याला दोघींनी एकाच कॉलेजात अ‍ॅडमिशन घेतली. मी साधं बीबीए, तीन वर्षांचं. तिने इंटिग्रेटेड घेतलं. बीबीए आणि एमबीए मिळून पाच वर्षं.

मी विचारलं, "एवढं शिकायचंय तुला?"

"नाही गं. पाच वर्षं लग्नाचं कोणी काढणार नाही."

बस, एवढाच हिशोब.

तिसऱ्या वर्षी तो फसला. भुसावळचं स्थळ आलं. मुलाला नोकरी, माणसं चांगली. आबा स्वतः खोलीवर आले. खुर्ची एकच होती, ती त्यांना दिली. आम्ही कॉटवर बसलो.

आबा म्हणाले, "तीन वर्सातबी डिग्री भेटते म्हणे. ती घे अन् चाल घरी."

भेटत होती. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायची सोय होती. बीबीए हातात पडत होतं.

प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "नाही आबा. जोडकोर्स आहे. मधे सोडला तर काहीच मिळत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"मंग पुरं कर," म्हणाले. आणि स्थळाला नकार कळवला.

त्या दिवशी ती खूप हसली. मला तिचं तसं हसणं परत बघायला मिळालं नाही.

कारण थोड्याच दिवसांत कॉलेजात जळगावची एक कंपनी आली. केळी परदेशात पाठवणारी.

प्रज्ञाने ऑप्शनल म्हणून एक्सपोर्टच्या कागदपत्रांचं सर्टिफिकेट घेतलं होतं. सगळ्या कॉलेजात तिचा जीव रमला तो त्या एका विषयात. केळी कुठल्या वाणाची, कंटेनरमध्ये थंडावा किती लागतो, बंदरावर माल कशामुळे अडतो, जेवताना सुद्धा तेच बोलायची.

कंपनीने तिला निवडलं. लगेच जॉइन व्हा, बीबीए पुरे, म्हणाले.

खोलीवर आली आणि पाठीवरची बॅग न काढताच बसली.

"झालं सिलेक्शन?"

"झालं."

"मग तोंड का असं?"

"जॉइन व्हायचं तर कोर्स सोडावा लागेल. सोडला की आबांना कळणार, सोडता येत होता."

मी म्हटलं, सांगून टाक. ती म्हणाली, "स्थळ मोडलंय त्यांनी माझ्या शब्दावर."

कंपनीला नकार कळवला तिने. तिच्या जागी दुसऱ्या मुलीला घेतलं.

मग एमबीएची दोन वर्षं. मी धुळ्यातच गाड्यांच्या शोरूमला अकाउंट्सला लागले, खोली तीच ठेवली. ती सकाळी लेक्चरला जायची आणि आल्यावर कसलंतरी सर्टिफिकेट. डिजिटल मार्केटिंग, जीएसटी, डेटा अ‍ॅनालिटिक्स. रविवारी ऑनलाइन. एकही आवडत नव्हतं. पण कोर्स चालू असला की गावी जाणं टळायचं.

आमच्या घरमालकीण अक्का विचारायच्या, "बठ्ठा कोर्स तुलेच करना शेतस का माय?"

"हो अक्का, सगळे मलाच," ती म्हणायची.

गावी गेली की आबा तिला घेऊन फिरायचे. ही आमची प्रज्ञा, दोन डिग्र्या एकदम करते. विहारात, लग्नात, पॅकिंग हाऊसवर. ती बाजूला उभी.

शेवटी चौथ्या वर्षाच्या सुट्टीत तिने सांगून टाकलं. परत आल्यावर जसं घडलं तसं मला सांगितलं.

आबा केळीचे घड उतरवून घेत होते. ती म्हणाली, "आबा, तेव्हा मी खोटं बोलले. कोर्स सोडता येत होता. आजही येतो. मला एमबीए नाही करायचं. मला इथंच, केळीच्या कामात नोकरी करायचीय."

आबांनी हातातला घड खाली ठेवला.

मग म्हणाले, "खोटं बोलली ते जाऊ दे. पण आता कसं सोडशील? मी विहारात उभं राहून सांगतलं, आपल्यातली पहिली एमबीए माही पोरगी व्हईल. लोकायले काय सांगू?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. ते विनवत होते.

"रागावले असते तर भांडले असते गं," ती मला म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी लेक्चरला गेली.

शेवटच्या सेमिस्टरला ताप आला. अंगावर काढला. डेंग्यू निघाला, जळगावला हलवलं. मी पोचले तेव्हा आबा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते. त्यांच्याकडे बघून मला कळलं.

नंतर त्यांचा फोन आला. आदरांजलीचा फ्लेक्स छापायचा होता. 'कालकथित प्रज्ञा', आणि पुढे डिग्री.

"काय लिहू पोरी? दोन्ही लिहू?"

मी म्हटलं, "बीबीए पूर्ण झालं होतं, आबा. दुसरं राहिलं."

"हं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी तिच्या जलदान विधीला गेले. मंडपाशी फ्लेक्स होता. फोटो, नाव, नावापुढे फक्त बीबीए.

गावातल्या कुणीतरी विचारलंच, "आबा, पोरगी एमबीए व्हती ना?"

आबा म्हणाले, "नाही. तिले नव्हतं करायचं. मीच लावलं."

सगळ्यांसमोर म्हणाले.

वर्षभर मी हे मनात धरून होते. आज लिहिलं. आबांना विचारून लिहिलंय. "लिही," म्हणाले.

प्रज्ञा, रोज आठवतेस असं नाही म्हणणार.
आज फार आठवलीस.

तुला मनापासून आदरांजली, बाई.