चतुःसीमा पाहणाऱ्या वकीलबेन

सुरतेत प्लेग येऊन गेल्यानंतर एक-दोन वर्षांनी आम्ही स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं. मी उधन्याच्या मराठी शाळेत शिक्षिका, आमचे हे एका मिलमध्ये सुपरवायझर. भाड्याच्या खोलीला लागूनच लूमचा कारखाना होता. त्या खडखडाटात आम्हाला ओरडून बोलायची इतकी सवय झाली होती की पाहुण्यांना वाटायचं, या नवरा-बायकोचं सकाळपासून भांडण चाललंय.

भेस्तानच्या एका सोसायटीत आम्हाला रो-हाउस पसंत पडलं. विकणारे होते जरीचा धंदा करणारे एक गुजराती काका. घर पतपेढीकडे गहाण आहे हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. लपवाछपवी काही नव्हती. आमची बँक आम्हाला कर्ज देणार, त्यातून पतपेढीचं फिटणार, गहाण सुटणार आणि घर आमचं होणार, असा सरळ हिशेब होता. बँकेला फक्त घराचे कागद तपासून दिलेला वकिलाचा रिपोर्ट हवा होता.

तेवढ्यात ह्यांचे मामा अमळनेरहून आले. मामांना कुठलीही गोष्ट सरळ होताना बघवत नसे.

“भाचा, मी शे ना!” ते म्हणाले. “आपला घरचा वकील आहे. कागद दे, आठवड्यात रिपोर्ट आणून देतो.”

हा घरचा वकील आयुष्यभर फौजदारी कोर्टात जामिनाची कामं करत आला होता, हे आम्हाला त्याचा रिपोर्ट वाचल्यावर कळलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, ‘सर्व बाबींचा विचार करता सदर घर निर्दोष असून, त्यास सोडण्यास हरकत नाही.’

बँकेच्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “आमच्या पॅनेलवरचाच वकील लागतो, बेन. या तिघांपैकी कुणीही घ्या.” आणि चिठ्ठीवर तीन नावं लिहून दिली.

पहिल्या वकिलांचं ऑफिस कोर्टाजवळ होतं. त्यांनी फाइल हातावर तोलून पाहिली, आंबे तोलावेत तशी, आणि विचारलं, “रिपोर्ट संध्याकाळी चालेल ना?” आमचे हे एकदम खूश. दुसरे वकील भेटले, पण जरीवाल्या काकांच्या मेव्हण्याचे ते जिवलग मित्र निघाले आणि घराऐवजी मेव्हण्याचंच कौतुक करत बसले. तिसऱ्या वकीलबेन होत्या. घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. त्यांनी फाइल शांतपणे पहिल्या पानापासून वाचली, मग वर बघून म्हणाल्या, “मी घर पाहायला येईन.”

“घर आम्ही पाहिलंय की,” हे म्हणाले.

“तुम्ही फरशी पाहिली असेल. मला चतुःसीमा पाहायची आहे. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, ते.”

बाहेर आल्यावर हे म्हणाले, “अगं, ही बाई भानगड काढेल. संध्याकाळवाला बरा.”

मी म्हटलं, “भानगड असेल तर आत्ता निघालेली बरी. आणि कर्ज माझ्या पगारावर मिळतंय, तर वकील मी निवडणार.” मास्तरकी केल्याचा हा एक फायदा असतो. शेवटचं वाक्य कुठलं, हे समोरच्याला कळतं.

रविवारी सकाळी वकीलबेन स्कूटरवरून आल्या. काकांनी मोठ्या अगत्याने वरची खोली दाखवली. ती त्यांनी हौसेने बांधून घेतली होती, खाली मोझॅक, खिडकीला रंगीत काचा. वकीलबेनचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या दारात कागद घेऊन उभ्या राहिल्या.

“दक्षिणेला गल्ली लिहिलीय. गल्ली कुठे आहे?”

“ती काय, पलीकडे,” काका म्हणाले. “शेजारच्याच्या घरानंतर.”

“म्हणजे मध्ये एक घर आहे.”

“हो. पोस्टातून रिटायर झालाय तो. तोंड बघू नये असा माणूस.”

वकीलबेनने कागदाची घडी घातली. “काका, मग या कागदावरचं घर हे नाही. ते आहे. तुम्ही इतकी वर्षं शेजाऱ्याच्या घरात राहताय आणि तो तुमच्या.”

बिल्डरच्या माणसाने दारांवर नंबर रंगवताना या टोकाच्या दोन घरांच्या नंबरांची अदलाबदल केली होती. ज्याला जो नंबर दिसला, त्यात तो सामान घेऊन शिरला. पतपेढीतून कुणी बघायला आलंच नव्हतं. पोस्टवाल्या काकांनी तर रोख पैसे मोजून घर घेतलेलं, त्यांच्या कागदाकडे बघणारं होतं कोण?

त्यांना बोलावणं भाग होतं. दोघांमध्ये शेवग्याच्या झाडावरून बरीच वर्षं अबोला होता. ते आले, त्यांनी ऐकलं, आणि सगळ्यात आधी त्यांना एकच गोष्ट झोंबली.

“म्हणजे मी राहतो ते घर गहाण आहे? माझं? आमच्या सात पिढ्यांत कुणी उधारीवर काडेपेटी आणली नाही!”

“कागदावर ते तुमचं नाहीच,” वकीलबेन म्हणाल्या.

याने त्यांचं समाधान व्हायला हवं होतं, पण ते पायरीवरच बसले. शेजारच्या घरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “जन्मभर लोकांचे पत्ते तपासले, आणि स्वतः चुकीच्या पत्त्यावर!”

जरीवाल्या काकांचा चेहरा मात्र खुलत चालला होता. टोकाचं घर म्हणजे बाजूची मोकळी जागा, दोन्हीकडून हवा. ते आमच्या ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “भाई, कोपऱ्याच्या घराचा भाव जुदा असतो हं.”

हे रडकुंडीला आले. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की संध्याकाळवाल्या वकिलाची आठवण मला न बोलता झाली.

वकीलबेन म्हणाल्या, “चालेल. कागदाप्रमाणेच जाऊ. कोपरा तुमचा, कर्ज तुमचं. आणि वरची खोली, मोझॅक, रंगीत काचा, सगळं या पोस्टवाल्या भाईंचं. त्यांच्या जागेवर बांधलंय ना तुम्ही.”

आता पोस्टवाले काका उठून उभे राहिले आणि मान मागे टाकून वरच्या खिडकीकडे बघायला लागले. “खोली तशी चांगली आहे,” ते हळूच म्हणाले.

एवढ्यात दोघांच्या बायका मागच्या अंगणातून एकत्रच पुढे आल्या. नवऱ्यांचं बोलणं बंद होतं तरी या दोघींची मागच्या भिंतीवरून पापडी, लोणची आणि सगळ्या सोसायटीच्या बातम्यांची देवाणघेवाण रोज चालू होती, हे त्या दिवशी उघड झालं. पोस्टवाल्या काकी म्हणाल्या, “मी माझं स्वयंपाकघर सोडणार नाही. ओटा माझ्या उंचीचा आहे.” जरीवाल्या काकी म्हणाल्या, “आणि आम्हाला मुलाकडे वराछाला जायचंय, ही घरं बदलत बसायला वेळ कुणाला आहे?”

मग काय ठरवायचं राहिलं? दोघांनी दुरुस्तीचा दस्त करून जो जिथे राहतो ते घर त्याचं, असं लिहून द्यायचं. पतपेढीनेही आपला बोजा योग्य घरावर नोंदवून घ्यायचा. मगच आमचा व्यवहार.

पोस्टवाल्या काकांनी एक अट घातली. दस्तात स्पष्ट लिहायचं की त्यांनी स्वतः कधीही कर्ज घेतलेलं नाही. वकीलबेनने समजावून पाहिलं की याची काही गरज नाही. ते ऐकेनात. शेवटी वकीलबेनने तसं वाक्य घातलं. रजिस्ट्रार ऑफिसात काकांनी ते लेखनिकाकडून मोठ्याने वाचून घेतलं. बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांनीही आदराने माना डोलावल्या.

त्याच बाकावर दोघे काका, आणि मध्ये मी.

“त्यांना सांगा, अंगठा डाव्या हाताचा लागतो,” पोस्टवाले काका मला म्हणाले.

“त्यांना सांगा, मला माहीत आहे,” जरीवाले काका म्हणाले.

मी दोन्हीकडे सांगितलं. शाळेत माझं रोजचं कामच होतं ते.

बाहेर पडल्यावर ऊन रणरणत होतं आणि सगळ्यांनाच भूक लागली होती. समोरच्या गाडीवर चणाडाळीचा वाफाळता सुरती लोचो मिळत होता. जरीवाल्या काकांनी सगळ्यांसाठी मागवला. एक बशी उचलली, घुटमळले, आणि माझ्या हातात न देता थेट पोस्टवाल्या काकांपुढे धरली.

“तेल जास्त आहे,” पोस्टवाले काका म्हणाले. त्यांनाच म्हणाले, मला नाही. आणि बशी घेतली.

महिन्याभराने आमच्या नावाचा दस्त झाला. वकीलबेनची फी ह्यांनी स्वतः नेऊन दिली आणि वर पेढ्यांचा पुडाही दिला, तरी घरी येऊन म्हणालेच, “संध्याकाळवाला असता तर एव्हाना आपण राहायला गेलो असतो.”

“हो,” मी म्हटलं, “कुणाच्या घरात?”

सामान लावून झालं त्या रात्री नव्या घरात इतकी शांतता होती की आम्हा दोघांनाही झोप येईना. हे नेहमीसारखेच ओरडून म्हणाले, “पाणी देतेस का?” भिंतीपलीकडून पोस्टवाल्या काकी घाबरून उठल्या आणि तांब्या भरून घेऊन दारात आल्या.