चुलीमागचं आमीन

मी भुताखेतांना मानत नाही, कधी मानलंही नाही. भुतं मला मानत असतील तर त्यांचं त्यांनी बघावं. नातवानं हा धागा टॅबलेटवर उघडून दिला, "आजी, वाच, टाइमपास होईल", म्हणून दोन दुपारी बसून तुमचे सगळ्यांचे अनुभव वाचले. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, वळून बघितलं तर कुणी नाही... हसू आलं. आमच्या वेळी पांढऱ्या साडीतल्या बायका घराघरांत खऱ्याच असायच्या, आणि त्यांच्याकडं वळून बघायला कुणालाही वेळ नसायचा.

मग हसता हसता थांबले. कारण माझ्याकडंही एक अनुभव आहे.

स्थळ नीट सांगते. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर, पण गोष्ट तेव्हाची म्हणून नावही तेव्हाचं). बेगमपुरा. पोलिस ॲक्शनला आठेक वर्षं होऊन गेली होती. बडी बी म्हणून एक वयस्क बाई होत्या, त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. आम्ही म्हणजे हे, सासूबाई आणि मी. आमचं दार वेगळं, गल्लीत उघडणारं, त्याला घोट्याएवढा उंच दगडी उंबरा. आत स्वयंपाकाची खोली. चूल एका जाडजूड भिंतीला लागून.

मी सतरा वर्षांची. सातवी पास. सातवी पास म्हणजे जगातलं सगळं कळतं अशी माझी खात्री होती, आणि तोंड असं की मिटायचं कसं ते कुणी शिकवलंच नव्हतं. आज ती पोरगी समोर आली तर एक ठेवून देईन तिला.

हे कचेरीत कारकून. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. स्वभावानं इतके गरीब की रस्त्यातल्या शेळीलासुद्धा "जरा सरक गं" म्हणायचे.

एका संध्याकाळी सरपण ओलं निघालं. धुरानं डोळे चुरचुरायला लागले तशी मी ओरडले, "आग लागो या लाकडांना!"

"लागंना म्हणून तर रडायलीस," सासूबाई म्हणाल्या. "आन् दिवेलागणीला असं वंगाळ बोलू नाय. वास्तू तथास्तु म्हणत असती."

"सासूबाई, ही वास्तू बडी बींची. हिला तथास्तु कुठून येणार? म्हणालीच तर आमीन म्हणेल!"

"आगं बया, कुठून आणलं हे येडं..." त्या कपाळाला हात लावत बाहेर गेल्या.

आणि चुलीमागून, अगदी हळू, कुणीतरी म्हणालं, "आमीन."

घाबरले का? छे. भिंतीपलीकडं बडी बी असतील आणि आमची चेष्टा ऐकून त्यांनी चेष्टा केली असेल, असं वाटलं. मी तर भिंतीला जीभ दाखवली. क्षणात लाकडांनी भडका घेतला, माझ्या पदराची कड जळाली, तरी अक्कल आली नाही.

उलट मी चाचणी घ्यायची ठरवली! सासूबाईंचे भाऊ यायचे होते, पैठणच्या रस्त्यानं, बैलगाडीतून. मामा आले की आठ दिवस हलायचे नाहीत आणि एका बैठकीला अकरा भाकरी. मी चुलीपाशी बसून ठसक्यात म्हणाले, "मामा येऊ नयेत बाई."

"आमीन."

मामा आले नाहीत. चितेगावजवळ गाडी उलटली, मांडीचं हाड मोडलं. पुढं आयुष्यभर काठी घेऊन चालले. निरोप आला तेव्हा सासूबाई रडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, चला, भाकरी वाचल्या. खोटं कशाला लिहू? अशीच होते मी.

मग हैदराबादचं राज्य मोडलं, मराठवाडा मुंबईच्या राज्यात गेला, आणि ह्यांची बदली थेट मुंबईला झाली.

त्यांना केवढा आनंद! "नलू, हर्सूलच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी मी अजून बघितलं नाही. तिथं म्हणे पलीकडचा काठच दिसत नाही." नवी पत्र्याची ट्रंक आणली. तिच्यावर स्वतःचं नाव मराठीत आणि उर्दूत, दोन्हीकडून, रंगवून घेतलं. आधी ते एकटे जाणार, खोली बघणार, मग सहा महिन्यांनी मला नेणार, असं ठरलं.

सहा महिने! सासूबाईंबरोबर! शिवाय शेजारच्या काकूंनी कानात घातलं होतं की मुंबईला गेलेला माणूस पत्रातसुद्धा परत येत नाही. आदल्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी चुलीपाशी गेले. या खेपेला जपून बोलायचं ठरवलं होतं. गाडी उलटू नये, हाड मोडू नये... म्हणून वाक्य घोकून गेले होते.

"ह्यांनी हा उंबरा ओलांडून जाऊ नये. बाकी त्यांना काहीही होऊ नये."

"आमीन."

सकाळी दारात टांगा आला. सासूबाईंनी त्यांच्या हातावर दही घातलं. ते पाया पडले, माझ्याकडं बघून हसले, "येतो गं" म्हणाले आणि उजवा पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

दोरी सुटलेल्या पडद्यासारखे खाली बसले.

आत घेतलं. पाणी दिलं. उठले, खोलीत चार फेऱ्या मारल्या, "चक्कर आली असेल" म्हणाले. पुन्हा उंबरा, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टांगेवाल्यानं त्यांना उचलूनच बाहेर नेलं. बाहेर जाताच मान कलली, ओठ निळे पडले, श्वास थांबला. आत आणलं आणि श्वास सुरू. मी दाराशी उभी राहून हे बघत होते, हातात दह्याची वाटी.

डॉक्टर घरी आले. गुडघ्यांवर ठोकून बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली. शरीर ठणठणीत, मनाचा काहीतरी आजार आहे म्हणाले. वाक्यात मी मागितलं होतं तसंच. बाकी काहीही झालं नव्हतं.

दोन दिवस तोंडात घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी बडी बींकडं गेले आणि पाय धरले. "तुम्ही आमीन म्हणालात ना? परत घ्या ना ते."

"मैं?" बडी बी माझ्याकडं बघतच राहिल्या. "नई बेटा. हमारे में आमीन जोर से नई बोलते, नमाज में बी नई. दिल में बोलते. और उदर तो कोई है इच नई. आ, देख."

त्यांनी नेऊन दाखवलं. आमच्या चुलीमागं त्यांची खोली नव्हतीच. जुन्या नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या पाटाचं, पाणी वर चढवायचा चुन्याचा बंद खांब होता, आत खापरी नळ, कधीचा कोरडा पडलेला.

मी सगळं सांगितलं. मामांचंसुद्धा. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. तसबीहचे मणी एकेक करून पुढं सारले. मग म्हणाल्या, "मांगी सो तू. लौटाना बी तेरे कू इच है. मगर सोच को बोल. जो बी है वो, लफ्ज सुनता दिखता. मतलब नई सुनता."

मागितलेलं परत करायचं ते वाक्य कसं असावं, याचा मी सात वर्षं विचार केला.

हसू नका. तुम्ही करून बघा. 'ह्यांचे पाय बरे होवोत': पाय बरेच होते. 'ह्यांना बाहेर जाता येऊ दे': बाहेर तर माणूस चौघांच्या खांद्यावरूनही जातो. 'ह्यांची सुटका होवो': नको गं बाई! जे वाक्य करावं त्यात एक भोक निघायचं, आणि त्या भोकातून मला तिरडी दिसायची. तोवर स्वयंपाकघरात मी ओठ शिवून घेतले. भाकरी थापताना हूं का चूं नाही. सासूबाई गल्लीभर सांगायच्या, "सून सुधारली माझी."

ह्यांची नोकरी गेली. उंबऱ्याच्या आत सतरंजी टाकून ते लोकांचे अर्ज लिहायला लागले. उर्दूवाल्यांना मराठीत लिहून, मराठीवाल्यांना उर्दूतली जुनी कागदपत्रं वाचून. सगळा बेगमपुरा त्यांना मुन्शीजी म्हणायचा. आम्हाला मुलगा झाला. त्याला शाळेत पोचवायला मी जायची, हे उंबऱ्यातून हात हलवायचे. ट्रंक तशीच भरलेली, दाराशी. तिच्यावर पाट ठेवून ते लिहायचे. एका शब्दानं कधी कुरकुरले नाहीत. फक्त एक प्रश्न, कारण मुंबईला मनमाडवरूनच जायचं. सकाळी लांबून स्टेशनाकडची शिट्टी ऐकू आली की विचारायचे, "नलू, मनमाडची गाडी गेली का गं?"

रोज. सात वर्षं. दिवसातून दोनदा, तीनदा.

मी म्हणायची, "गेली."

शेवटी वाक्य सापडलं! 'ह्यांनी धडधाकट पायांनी रोज बाहेर जावं आणि रोज धडधाकट घरी परत यावं, म्हातारे होईपर्यंत.' बडी बींना ऐकवलं. त्यांनी बोटांवर एकेक शब्द तपासला आणि मान डोलावली. पाडव्याला म्हणायचं ठरलं. चांगला दिवस. चार दिवस राहिले होते.

त्या सकाळी पोराला ताप होता. सासूबाईंनी पापडाचं पीठ काढून ठेवलं होतं. चुलीवर दूध. मी रात्रभर जागी. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज, "नलू, गाडी गेली का गं?" "गेली." थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. चौथ्यांदा विचारलं तेव्हा दूध फसफसत वर आलं, उतू गेलं, जळका वास सुटला. आमच्या घराघरांतल्या बायका दिवसातून दहा वेळा म्हणतात तेच मी म्हणाले.

"जाऊ दे मेलं!"

भिंत म्हणाली, "आमीन."

फडकं हातातच राहिलं. बाहेरून वहाणांचा आवाज आला. मग त्यांचा. "नलू... अगं नलू, बघ!"

ते गल्लीत उभे होते. उन्हात. सात वर्षांत मी त्यांना पूर्ण उन्हात बघितलं नव्हतं. सासूबाई किंचाळत, हसत त्यांच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. समोरच्या दुकानातली माणसं उठून आली. हे आभाळाकडं बघून हसले, टोपी नीट केली आणि मला म्हणाले, "जातो गं."

आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. त्या टांग्याच्या दिवशीसुद्धा ते 'येतो'च म्हणाले होते. 'येतो म्हणा' असं सांगायला मी तोंड उघडलं... आणि मिटलं. सात वर्षांत मी तेवढं एकच शिकले होते.

दुपारी टांगेवाला निरोप घेऊन आला. स्टेशनात, फलाटावरच्या बाकावर, रुळांकडं तोंड करून बसलेले सापडले. हात मांडीवर, वहाणा बाकाखाली जोडीनं ठेवलेल्या. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. घरात बसून राहिलेला माणूस एवढं चालत गेला, सोसलं नाही.

आता मी पुंडलिकनगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. गॅसमागं टाइल्स आहेत, त्या काही बोलत नाहीत. तरी परीक्षेला निघालेली नातवंडं पाया पडतात तेव्हा मी डोक्यावर हात ठेवते आणि तोंड मिटून घेते. आजी आशीर्वादातसुद्धा कंजूष, म्हणतात. म्हणू देत.

इंजिनिअर नातवाला परवा हे बरंचसं सांगितलं. त्याच्याकडं सगळ्याचं लॉजिक आहे. कोरड्या नळातून लांबच्या मशिदीतला आवाज येत असणार, आजोबांना सायकॉलॉजिकल काहीतरी असणार, मामांचा अपघात योगायोग. "आणि आजी, तू तर दुधाला म्हणालीस ना? मग कशाला जिवाला लावून घेतेस?"

मी म्हटलं, "हो रे बाबा, दुधालाच."

कारण बडी बींच्या एका वाक्यावर मी साठ वर्षं काढली आहेत. त्याला शब्द कळतात, मतलब कळत नाही. मी दुधाला म्हणाले, त्यानं भलतंच ऐकलं. चूक त्याची.

एक गोष्ट मात्र नातवाला सांगितली नाही. ह्यांच्या दहाव्यानंतर मी चूल सारवायला बसले होते. उतू गेलेलं दूध खरवडून काढायचं म्हणून हातात सराटा. चुलीवर डागच नव्हता. मागं सासूबाई येऊन उभ्या राहिल्या.

"काय हुडकायलीस गं?"

"त्या दिवशीचं दूध उतू गेलं होतं ना..."

"कवा? तू बाहीर व्हतीस तवा मीच आत यिऊन उतरवलं की ते. काठोकाठ व्हतं. साय बी धरली नव्हती, नुसतं कोमट."

मला ती फसफस अजून ऐकू येते. तो जळका वास अजून नाकात आहे. पण दूध तर पातेल्यात होतं, थेंबही सांडला नव्हता.

मग मी 'जाऊ दे' म्हणाले ते कशाला?