लांब नळी दादाकडेच असायची

मंडळी, अंगात त्राण नाही, पण हे लिहिल्याशिवाय आडवा होणार नाही.

आज ऑफिसवाल्यांनी अंधेरीत पेंटबॉल खेळायला नेलं. रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका. माझे गुडघे दुखतात, म्हणून लांबूनच मारू म्हटलं आणि सगळ्यात लांब नळीची बंदूक मागितली.

तिथली ट्रेनर हसली. "काका, नळी लांब म्हणून गोळी लांब जात नाही. उलट आत घासून जोर कमी होतो. बारा-चौदा इंच बस्स झाली."

मला एकदम दादाच्या नळ्या आठवल्या.

ऐंशीच्या दशकातली आमची कांदिवलीची चाळ. आरेच्या जंगलातून आणलेल्या बांबूच्या नळ्या दादा कापायचा आणि आम्ही ओल्या कागदाच्या गोळ्या फुंकून मारायचो. त्याची नळी माझ्या छातीएवढी, माझी जेमतेम दीड वीत, म्हणजे तेराएक इंच. मी रडलो की म्हणायचा, "गप रे, मोठा मी आहे ना!"

आणि रोज जिंकायचो मी. वर त्यालाच चिडवायचो. इतकी वर्षं वाटायचं, आपला नेम झकास होता.

नळ्या कापणाऱ्याला कुठली चांगली ते माहीत नसणार?

आईच्या खोलीच्या वाटणीवरून भांडलो, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं नाही. आता त्याचा नंबर काढून बसलोय.

पहिलं वाक्य काय बोलू, सांगा ना यार.