मीटर जागा होईपर्यंतची दोन मिनिटं

रोज सकाळी मी मीटरचं बटण दाबतो आणि कॉम्प्युटरला हात न लावता दोन मिनिटं उभा राहतो. त्या दोन मिनिटांची मला अजून भीती वाटते. पाठीमागे कोणीतरी चपला काढून उभं आहे असं वाटतं, आणि मी वळून बघत नाही. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कणकवलीत आमची पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. किनाऱ्याकडच्या गावांतून विहिरींचं पाणी बाटल्यांतून येतं आणि त्यात क्षार किती ते मीटर मोजतो. आकडा तारेतून आपोआप कॉम्प्युटरमध्ये जावा अशी सोय आहे. मी नवीन लागलो तेव्हा हे काम काकांकडे होतं. जामसंड्याचे, निवृत्तीला वर्ष उरलेले. सकाळी आधी मीटर सुरू करायचे, मग चपला काढून त्याच्यासमोर हात जोडायचे आणि देवळात घालतात तसं रीतसर गाऱ्हाणं घालायचे: बा देवा म्हाराजा, आज जां काय पाणी येतला, तेचो खरो आकडो दाखय रे म्हाराजा. केर काढणारी मावशी दारातून 'व्हय म्हाराजा' म्हणायची. ते आटपलं की मग कॉम्प्युटर लागायचा. मला हसू आवरायचं नाही.

मी अतिशहाणा. मीटर आणि कॉम्प्युटर दोन्ही एकाच बोर्डावर जोडून टाकले, म्हणजे एक बटण दाबलं की काम झालं. काका म्हणाले, "रे, घाई कित्याक? तेका जागो होवंदे." मी म्हटलं, काका, मीटर आहे तो, म्हातारा माणूस नव्हे. त्यांनी बटण दाबून गाऱ्हाणं घालणं सोडलं नाही, पण आता ते संपेपर्यंत कॉम्प्युटर लागून बसलेला असायचा.

तेव्हापासून मीटर आणि कॉम्प्युटरचं बोलणं तुटलं. मीटरच्या काचेवर आकडा दिसायचा, कॉम्प्युटरमध्ये शुकशुकाट. काका मुकाट्याने वहीत लिहायचे. सकाळी मी नमुने आणायला गावोगाव फिरत असायचो. दुपारी परत आलो की तार काढून परत घालायचो, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचो, आणि आकडे धडाधड येऊ लागायचे. माझ्या हाताला चालतं, त्यांच्या हाताला चालत नाही. मला आणखी पुरावा नको होता.

मग एका गावाने आपल्या विहिरीच्या अहवालावर हरकत घेतली. वहीत क्षार भरपूर, कॉम्प्युटर कोरा. साहेबांनी माझं लेखी मत मागितलं. मी ठोकून दिलं की यंत्र ठीक आहे, वापरणाऱ्याला ते हाताळता येत नाही, वहीतल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये. जन्मभर पाणी मोजलेल्या माणसाला साहेबांनी बाटल्या धुवायच्या खोलीत बसवलं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी काकांनी मला बाजूला घेतलं.

"माका दुसरां काय नको," ते म्हणाले. "माझे आकडे खोटे नाय होते, इतक्यांच एका कागदार लिवन दी."

मी म्हटलं, बघू. पाच महिन्यांनी ते गेल्याचं कळलं. मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही.

काकांना हलवल्यापासून मी मोजणी दुपारीच, तार काढून-घालून उरकायचो. पुढे सकाळचं कामही माझ्याकडे आलं आणि पहिल्याच दिवशी कॉम्प्युटर कोरा. मी तार बदलली, ती दुसऱ्या ठिकाणी खोचून बघितली, दोघांचा बोलण्याचा वेग जुळतो का ते तपासलं, प्रोग्राम काढून नव्याने घातला. दुपारी चालायचं, सकाळी पुन्हा मेलेलं. आठवडाभर डोकं पिकलं. शेवटी मावशी केर भरता भरता म्हणाली की काका असताना आधी गाऱ्हाणं व्हायचं, मग कॉम्प्युटर. मी तिच्यावर खेकसलो. मग घड्याळ काढलं आणि मीटरला किती वेळ लागतो ते मोजलं.

सुरू झाल्यावर मीटर दोन मिनिटं स्वतःचीच तपासणी करत होता, आणि तोवर कुणाला ओ देत नव्हता. कॉम्प्युटर मिनिटभरात उठून त्याला एकदाच हाक मारायचा. उत्तर आलं नाही की दिवसभर पुन्हा विचारायचा नाही. दुपारी मी आलो की मीटर केव्हाचा जागा असायचा, म्हणून माझ्या हाताला चालायचं. काकांचं गाऱ्हाणं दोन मिनिटांहून जरा जास्त लांब होतं. बोर्ड मी जोडला होता.

हरकत आलेल्या त्या विहिरीची राखून ठेवलेली बाटली कपाटात होती. दोन्ही यंत्रं वेगळी जोडली आणि ते पाणी मोजलं. कॉम्प्युटरवर वहीतलाच आकडा आला. शेजारी, मोजणाऱ्याच्या रकान्यात, काकांचं नाव. ते मीटरमध्ये पहिल्यापासून भरलेलं होतं, कुणी बदललंच नव्हतं. रोज डोळ्यांपुढून जायचं ते नाव मी त्या सकाळी पहिल्यांदा वाचलं.

कागद लिहिला. चूक माझी, आकडे खरे. साहेबांची सही घेतली आणि रविवारी जामसंड्याला गेलो. काकींना मी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तो घडी करून मांडीवर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तेंका ठावक होता," त्या म्हणाल्या. "म्हणीत, पोरगो हुशार आसा, पण जागो होवंक येळ लागतलो. शेवटाक बिछान्यार पडलेले, तरी दारात कोण इला की इचारीत, तो इलो काय?"

चहा न घेता मी उठलो. एसटीत जागा असूनही उभाच राहिलो.

गाऱ्हाणं मला येत नाही. पण आता मीही चपला काढतो, आणि मीटर जागा होईपर्यंत एवढंच म्हणतो, काका, मी इलंय. मावशी बिचारी 'व्हय म्हाराजा' म्हणते. ती रजेवर असते त्या दिवशीही मला ते ऐकू येतं. मग मी कॉम्प्युटर लावतो, आणि पहिल्या आकड्याशेजारी त्यांचं नाव येतं.