आईची तेलुगू

आईला लकवा मारला तेव्हा मी शाळेत नववीच्या वर्गावर होते. फळ्यावर आरशाची आकृती काढत होते. भावजयीचा फोन आला, "बाई, लवकर या. आईचं तोंड वाकडं झालं."

गडचिरोलीच्या दवाखान्यात आई बरेच दिवस होती. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीव वाचला, याचंच सगळ्यांना समाधान. पहिले काही दिवस ती बोललीच नाही. मग एका सकाळी मी तिचं तोंड पुसत असताना ती बोलली. एक सबंध वाक्य बोलली, आणि मला त्यातला एक शब्दही कळला नाही. मला वाटलं जीभ जड झाली असेल. पण पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटची नातेवाईक, सिरोंच्याकडची बाई, वळून म्हणाली, "तेलुगू बोलते ना तुमची आई."

आईचं माहेर सिरोंच्याच्या बाजूचं, तेलंगणाच्या सीमेला लागून, प्राणहितेच्या काठावरचं. आम्ही ढीवर. वडील आमच्या गावच्या तलावात आणि वैनगंगेत जाळं टाकायचे. नात्यातल्या कोणाच्या तरी लग्नाला ते तिकडे गेले आणि आई इकडे आली. आल्या आल्या आजीनं सांगितलं होतं म्हणे, या घरात ती बोली नको, पोरांना तर नकोच. आईनं ते पाळलं. झाडीपट्टीची मराठी ती अशी शिकली, की चामोर्शीच्या बाजारात मासळी विकताना कोणाला शंकाही यायची नाही. फक्त मासे मोजताना तिचे ओठ हलायचे, ओकटि, रेंडु, मूडु. लहानपणी मला वाटायचं, तो मासळी विकण्याआधी म्हणायचा काही मंत्र असेल.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. नंतर शिकलेली भाषा जाते, आधीची राहते. परत येईल का, ते सांगता येत नाही.

परत आली नाही. मी लग्न केलेलं नाही, चामोर्शीला शाळेजवळ खोल्या घेऊन राहते, म्हणून आईला माझ्याकडेच आणलं. भाऊ गावात, मार्कंड्याच्या अलीकडे. भावजय सकाळी ऑटोनं यायची आणि मी शाळेतून परतले की जायची. आई आमच्याकडे बघायची ते परक्या गावच्या बसस्टँडवर बसलेल्या माणसासारखी. काहीतरी विचारायची, थांबायची, पुन्हा विचारायची, मग भिंतीकडे तोंड करायची.

तिच्या बोलण्यातला एकच शब्द आम्हाला कळतोय असं वाटायचं. 'दूप.' दुपारच्या वेळी तर फार. "दूप, दूप," म्हणून डावा हात हलवायची. भावजय देवभोळी. तिनं पहिल्याच दिवशी धूप लावला. आईनं मान फिरवली. भावजयीला वाटलं, कमी पडला. मग उदबत्ती, मग ऊद, मग मार्कंड्याच्या देवळातून अंगारा आणून कपाळाला लावला. आई रडायला लागली की भावजय हात जोडायची. "देवाचं नाव घेऊन राह्यल्या बिचाऱ्या," ती मला म्हणायची. मलाही ते खरं वाटायचं. पाणी तिला ठरलेल्या वेळी चमच्यानं द्यायचो. ठसका लागेल म्हणून डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं.

तेलुगू शिकायचं ठरवलं ते काही मोठा विचार करून नाही. दोन-तीन ओळखीच्यांना दुभाषा म्हणून संध्याकाळी बोलावून पाहिलं, 'दूप' तर आम्हाला कळलाच आहे असं धरून तो त्यांना विचारलाही नाही; पण कोणी रोज किती येणार? मग शाळेतल्या एका सरांनी सांगितलं, चंद्रपूरला विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे, तेलुगू भाषा, साहित्य आणि संस्कृती असा अर्धवेळ पदवीचा अभ्यासक्रम आहे, रविवारी वर्ग भरतात. मी चाळिशी ओलांडलेली विज्ञानाची शिक्षिका. नाव घातलं.

रविवारी सकाळची एसटी. मूल गावापर्यंत मी बसल्या बसल्या झोपायचे आणि मूलच्या पुढे जंगल लागलं की पुस्तक उघडायचे. आठवडाभर आईची कूस बदलणं, चादरी धुणं, शाळा, त्यात मतदारयाद्यांचं काम. अंग इतकं आंबलेलं असायचं, की ती गोल गोल अक्षरं एकमेकांत मिसळायची. एकावर छोटीशी खूण असली तर 'प', खाली शेपूट आली तर 'फ', आणि एसटी खड्ड्यात गेली की दोन्ही सारखेच. वर्गातले बाकीचे बल्लारपूरचे, राजुऱ्याचे, घरी तेलुगूच बोलणारे. त्यांना फक्त पदवी हवी होती. बाराखडीपासून शिकणारी मी एकटीच. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून लहान होत्या. त्या मला पुढच्या बाकावर बसवायच्या, बालवाडीतल्या मुलाला बसवतात तसं.

एका रविवारी मॅडम रोजच्या वापरातले शब्द घेत होत्या. भूक म्हणजे आकलि. तहान म्हणजे दाहम. मी लिहून घेतलं. मागून खाणीत काम करणारा एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी दाहम कोणी म्हणत नाही. आमच्याकडे दूप म्हणतात."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "तेलंगणाच्या बाजूला दूपच म्हणतात. पुस्तकात दाहम."

मी मागे वळून त्याला विचारलं, "दूप म्हणजे तहान?"

"हो ना ताई. दूप लागली, म्हणजे तहान लागली."

मी उठून व्हरांड्यात गेले आणि भावजयीला फोन लावला.

"आई काय करून राह्यली?"

"काय करतील बाई, दूप दूपच चालू हाय. मी आता लावूनच राह्यली होती."

"लावू नोको. पाणी दे तिले."

"आं?"

"पाणी मागून राह्यली ते. तहान लागली तिले. चमच्यानं दे, मान उचलून दे."

पलीकडे फोन ठेवल्याचा, मग भांड्याचा आवाज आला. मी कठड्याला धरून उभी होते. खाली रस्त्यावर कोळशाचे ट्रक चालले होते. बऱ्याच वेळानं भावजय पुन्हा फोनवर आली. ती रडत होती.

"प्याल्या बाई. डोये मिटून प्याल्या. माया हात धरून ठेवला त्याहीनं."

त्या दिवशी मी वर्गात परत गेले, पण पुढचं काही ऐकलं नाही.

त्यानंतर मी पुस्तकातली तेलुगू परीक्षेसाठी ठेवली आणि आईची तेलुगू मागच्या बाकावरून गोळा करायला लागले. खाणीतला तो माणूस आणि बल्लारपूरची एक मुलगी मधल्या सुट्टीत मला शब्द द्यायचे. दुखतं कसं म्हणायचं, कूस बदलू का कसं विचारायचं, नको कसं म्हणायचं. परीक्षेत त्याचा काही उपयोग नव्हता. पहिल्या वर्षी मी जुन्या काव्याच्या पेपरात नापास झाले. एकेका पद्यातले शब्द असे एकमेकांत गुंफलेले, की कुठे तोडायचं तेच समजेना. एकदा मी ते पद्य आईजवळ बसून मोठ्यानं वाचलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं, आणि अर्ध्या तोंडानं हसली. तिलाही त्यातलं काही कळलं नव्हतं. शाळेत ती कधी गेलीच नव्हती.

पण माझं मोडकंतोडकं बोलणं तिला कळायला लागलं. एक दिवस शाळेतून आले, हातपाय धुतले आणि तिच्याजवळ बसून विचारलं, "तिन्नवा?" जेवलीस का? तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. डावा हात माझ्या गालावर ठेवला आणि म्हणाली, "अक्का."

अक्का म्हणजे मोठी बहीण. मला वाटलं चुकून म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मग माझ्या लक्षात आलं. तिच्या लेकीला तेलुगू येत नव्हती. कधी आलीच नव्हती. म्हणजे ही तेलुगू बोलणारी बाई लेक असणं शक्यच नव्हतं.

मी पहिल्यांदा सांगून पाहिलं. "अक्का नाही, बिड्डा. तुझी पोरगी." ती कसनुशी हसायची, जसं कोणी थट्टा करतंय. मग मी सोडून दिलं. शाळेत दिवसभर बोलून घसा बसलेला असायचा. त्यात रोज आपण कोण ते पटवून देण्याचं त्राण राहिलं नव्हतं. ती अक्का म्हणाली की मी 'ओ' द्यायला लागले.

अक्काला ती पुष्कळ सांगायची. मला निम्मंच कळायचं. सासूबद्दल सांगायची. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती घरात मुकीच होती, म्हणून लोक हिला बोलताच येत नाही समजत, असं एकदा सांगितलं. आमच्या गावची नदी खाली तुमच्याकडेच येते, म्हणून मी घाटावर बसून पाण्याशी बोलायचे, असंही म्हणाली. वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन खरंच तिच्या माहेरावरून जाते. मी भूगोलही शिकवला आहे, पण मला हे कधी सुचलं नव्हतं. आणि शेवटी नेहमी एकच, "अक्का, इंटिकि पोदाम." घरी जाऊ चल.

मी म्हणायचे, हो, जाऊ.

तिला खरंच एक मोठी बहीण होती. आजोळची माणसं गेल्यावर येणंजाणं तुटलं होतं. भावानं तिकडून मासळी आणणाऱ्या एका व्यापाऱ्याला गाठून नंबर मिळवला. मी चार वाक्यं पाठ करून फोन केला.

"पेद्दम्मा, नेनु नी चेल्ले बिड्डनु." मोठी आई, मी तुझ्या धाकट्या बहिणीची लेक.

 पलीकडून थकलेल्या आवाजात प्रश्न, "तिची लेक? आणि तेलुगू बोलतेस?"

पुढच्याच आठवड्यात ती आली. आलापल्लीच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करून घेत, नातवासोबत, मांडीवर पिशवी धरून. सत्तरी उलटलेली, वाळकी, कपाळावर गोंदण. आत येऊन आईच्या खाटेवर बसली आणि तिचा हात हातात घेतला. आई तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "अक्का, ही म्हातारी कोण?"

 मी सांगायला गेले, तर मावशीनं मान हलवून मला थांबवलं. पदरानं डोळे पुसले आणि आईला म्हणाली, "मी तुमच्याच गावची. तुला भेटायला आले." मग मला जवळ बोलावून सांगितलं, "तूच राहा अक्का. तिला हवी आहे ती अक्का तरणीच आहे अजून."

मावशी पुष्कळ दिवस राहिली. आईला गावची म्हातारी आवडायला लागली. दोघी कोणाचं जाळं कोणी फाडलं, कोणाची नाव बुडाली, असलं बोलत बसायच्या, आणि मावशी मधूनमधून तोंड फिरवून हसायची, मधूनमधून रडायची. भावजय सांगायची, "काय बोलतेत ते समजत नाई, पण घर भरल्यासारखं वाटते बाई." मला तर त्या दिवसांतलं एवढंच आठवतं, की मी झोपले. शाळेतून यायचे, सतरंजी टाकायचे आणि त्या दोघींच्या बोलण्यात झोपायचे. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी दुसरं जागं होतं.

मावशी परत गेली आणि दिवाळीनंतर आई गेली. ताप आला, छाती भरली. सकाळची वेळ होती. मी तिची कूस बदलत होते आणि तिचा श्वास थांबला. शेवटी ती काही बोलली नाही. लोक विचारतात, म्हणून सांगते.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी सवयीनं उठले आणि एसटीत बसले. आता तेलुगू कोणासाठी शिकायची, हे मूलचा स्टँड येईपर्यंत डोक्यात आलंच नाही. आल्यावर वाटलं, उतरावं. पण उतरून परतीच्या गाडीची वाट बघत उभं राहायचा कंटाळा आला, म्हणून बसून राहिले. वर्गात मॅडम जुनं काव्यच शिकवत होत्या, मी नापास झाले होते तेच. त्यांचा आवाज छान होता, पद्य चालीवर म्हणायच्या. मी बाकावर डोकं टेकलं आणि मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा वर्ग सुटला होता. सगळे गेले होते, मॅडम तेवढ्या टेबलाशी पेपर तपासत बसल्या होत्या.

"उठवायचं नाही का?" मी ओशाळून म्हटलं.

"काऊन उठवू?" त्या म्हणाल्या. चंद्रपुरात राहून त्यांनाही इकडची बोली लागली होती. "तुमच्यासाठी पंखा चालू ठेवला."

त्या पेपरात मी पुढच्या खेपेला सुटले, जेमतेम. आता तिसरं वर्ष चालू आहे. संस्कृतीच्या पेपरासाठी लग्नातली गाणी गोळा करायची आहेत. मे महिन्यात मावशीकडे जाऊन राहायचं ठरवलंय. उन्हाचं जमेल की नाही, कोण जाणे.