लाडवांवर झडप

हसणार नसाल तर सांगते. बरं, हसा, पण चहाचा घोट आधी गिळा, नाहीतर ठसका लागेल!

तेव्हा आम्ही कराडला राहायचो. कॉलनीत केबल टीव्ही नुकता आला होता आणि त्याच्यापुढं बसून बसून आम्हा बायकांची पिंपं झाली होती. त्यातली सगळ्यात मोठी दोन पिंपं म्हणजे मी आणि माझी शेजारीण शालन.

डॉक्टरांनी शालनला रक्तातली साखर वाढलीय म्हणून सांगितलं, तशी ती पार घाबरली. एकटीला पथ्य जमेना. रडायलाच लागली. मग मी म्हटलं, "रडू नको. मी पण गोड सोडते तुझ्याबरोबर."

पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालायचं, रात्री अर्धीच भाकरी. आणि एकीचा हात गोडाकडं गेला की दुसरीनं सरळ ताटली ओढून घ्यायची. मग समोर कुणी का बसलेलं असेना!

महिनाभर छान चाललं. मग एकदा सलग दोन दिवस शालन फिरायला आलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घरातून बेसन भाजल्याचा वास! मी खिडकीतून हाक मारली, "काय गं, काय करतेस?"

"कुठं काय? काही नाही," म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

आता तुम्हीच सांगा, एवढा वास सुटलेला असताना 'काही नाही' म्हणणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायचा?

संध्याकाळी मला राहवेना. गेले. दार उघडंच होतं. लाइट गेलेली, खोलीत अंधुक उजेड. दाराकडं पाठ करून खुर्चीत शालन बसलेली. तीच ऐसपैस पाठ, तोच अंबाडा, त्यावर अबोलीचा गजरा. मांडीवर लाडू-चिवड्याची ताटली आणि हात निघालेला लाडवाकडं! खोलीत आणखी कोण होतं ते मला दिसलंच नाही. मला दिसला तो लाडू.

मी झडप घातली. ताटली ओढली आणि वर कमरेला एक चिमटा काढला. "लाज नाही वाटत? मेलीस म्हणजे पोरीनं कुणाकडं बघायचं? जरा स्वतःच्या पोटाकडं बघ, नगारा झालाय नुसता!"

तेवढ्यात आतल्या दारातून चहाचा ट्रे घेऊन शालन आली.

मग ही कोण?

खुर्चीतल्या बाई सावकाश वळल्या. "आवं, तुमी कोण म्हणायच्या?"

आत्ता मला बाकीचे दिसले. कोपऱ्यात पाटावर मान खाली घालून शालनची लेक वैशाली. समोर कडक इस्त्रीतला एक तरुण. तासगावहून वैशालीला बघायला पाहुणे आले होते! आधीची दोन स्थळं ऐनवेळी मोडलेली. दृष्ट नको म्हणून शालननं मलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि मी चिमटा काढला होता तो मुलाच्या आईला!

मी ताटलीसकट तशीच पळाले. घरी येऊन कडी लावली आणि स्वयंपाकघरात फतकल मारून रडत बसले. पोरीचं लग्न मोडलं माझ्यामुळं! आता शालनला तोंड कसं दाखवू?

बऱ्याच वेळानं दार वाजलं. शालन! मी डोळे पुसत दार उघडलं. ती एकदम गळ्यातच पडली.

"अगं येडे, जमलं की!"

"काय?"

"तू गेलीस, मी त्यांना आपल्या पथ्याचं सगळं सांगितलं आणि त्या बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाल्या, 'मला बी साखर हाय. घरात समदी माघारी हसत्यात, पर हातातलं ताट कुणी काढून घेत न्हाई. ज्या घराला असा शेजार हाय, तिथली पोरगी चांगलीच असणार. आमाला पसंत हाय.'"

मला पुन्हा रडू फुटलं. शालनला पण. दोघी पिंपं उंबऱ्यातच गळ्यात गळे घालून उभ्या.

"चल," ती नाक पुसत म्हणाली, "भेटायचंय त्यांना तुला. आणि ती ताटली दे. म्हणाल्यात, 'आजच्या दिवस एक लाडू खाऊ द्या, तेवढं तोंड गोड करते.'"

मी हातातल्या ताटलीकडं बघितलं. चिवड्यातला एक कढीपत्ता तेवढा उरला होता.